पालथा डफ

गढीच्या दरवाजासमोर हा जो सपाट दगड दिसतो ना पाहुणे, त्यावर पाय देऊ नका. जत्रेत पोवाडा ऐन रंगात आला की शाहीर मध्येच थांबतो आणि यावर डफ पालथा ठेवतो.

या गढीचे धनी रायाजीराव देशमुख, असं सांगतात. दुष्काळात त्यांनी धान्याची पेवं रयतेला उघडून दिली, ते चुलतभाऊ मानाजीला खुपलं. त्याला देशमुखी हवी होती. एका दिवेलागणीला त्याचे मारेकरी आत शिरले आणि रायाजीराव देवघरातच पडले. दरवाजावरचा पहारेकरी सटवाजी तेव्हापासून बेपत्ता. तोच फितूर, असं गावानं ठरवून टाकलं.

लखमा शाहीर देशमुखांच्या अन्नावर वाढलेला. त्यानं रडत रडत पोवाडा रचला, म्हणे:

ज्या हाताची भाकर खाल्ली, त्या हाताशी दगा केला
सटवाजीनं दार उघडलं, दिवा गढीचा विझून गेला

चाल अशी की एकदा ऐकली की डोक्यातून जात नाही. पोवाड्यात मानाजीचंही नाव होतं, पण लोकांच्या तोंडी बसला तो सटवाजी. त्याच्या बायकोला, तुळसाला, पाणवठ्यावर कोणी घागर भरू देईना. लेकीची ठरलेली सोयरीक मोडली.

पुढे ही शेजारची बारव आटली. गाळ उपसताना हाडं निघाली. बरगडीत भाल्याचं पातं अडकलेलं आणि कमरेला दरवाजाची किल्ली. म्हणजे मारेकरी मागचा तट चढून आले होते. दार उघडायला नकार देऊन सटवाजी मेला होता.

लखमानं घाईघाईनं नवं कडवं बांधलं. ते खरं होतं, पण कोणाला रुचेना. तो गायला लागला की जमाव जुनंच कडवं मोठ्यानं म्हणायचा. शेवटी भर जत्रेत तुळसा त्याच्यासमोर उभी राहिली.

"शाहीर, माझ्या घरधन्याला मानाजीनं एकदा मारलं. तुम्ही दरसाल मारताय."

लखमानं डफ या दगडावर पालथा घातला. "गाणं आता माझ्या हातात राहिलं नाही, बाई. डफ तेवढा आहे. तो मी थांबवतो, तू बोल."

आजही त्या कडव्यानंतर डफ पालथा होतो. सटवाजीच्या वंशातलं कोणीतरी उठतं आणि साध्या बोलीत सांगतं, "सटवाजीनं दार उघडलं नाही." मग पोवाडा पुढे चालू होतो. यंदा मी उठलो होतो. आमचंच घराणं ते. लोकांनी माना डोलावल्या. परतताना माझी नात तेच जुनं कडवं गुणगुणायला लागली, तेव्हा मी तिच्यावर खेकसलो. ती बिचारी गप्प झाली. थोडं पुढे गेल्यावर पाहतो, तर माझी पावलं त्याच चालीवर पडत होती.