तिसरा काटा

एका राज्यात, जिथे पाखरं बोलत आणि माणसं त्यांचं ऐकत, तिथे दुर्धर नावाचा राजा होता. त्या राज्याला धगासुराचा शाप होता. मनात येई तेव्हा तो दैत्य येई आणि लेकरांवर फुंकर घाली. कुणी जळून जाई, कुणी आंधळं होई.

काटेवनातल्या जोगिणीने यावर उपाय काढला. दैत्याचं गळालेलं नख पाण्यात उगाळलं, त्यात बाभळीचे काटे भिजवले आणि भारद्वाज पक्ष्याच्या चोचीतून घरोघर धाडले.

पक्ष्याने राजाला रीत सांगितली. "पाळण्यात पहिला काटा टोचायचा, म्हणजे रक्तातले राखणदार शत्रूचं तोंड ओळखतात. पाऊल टाकताना दुसरा, म्हणजे शस्त्रं परजतात. पण स्वस्थता आली की राखणदारही पेंगतात, राजा. म्हणून दुधाचे दात पडले की तिसरा."

राजकन्या चित्रांगीला दोन काटे वेळेवर टोचले. मग तिला गादीचा टिळा लागला. टिळा लागलेल्या अंगातून रक्ताचा थेंब सांडायचा नाही, अशी राजघराण्याची चाल होती. पुढे तिचा दात पडला आणि भारद्वाज तिसरा काटा घेऊन आला. राजाने चालीकडे बोट दाखवलं. खरं सांगायचं तर लेकीचं रडणंही त्याला सोसत नसे.

"दोन झाले. पुरे," तो म्हणाला.

पक्ष्याने काटा खिडकीत ठेवला आणि उडून गेला.

धगासूर आला. घरोघर फुंकला, पण ओल्या लाकडावर फुंकावं तसं झालं. पेटली ती एकटी चित्रांगी. राजाने धावत जाऊन तो काटा आणला, स्वतःच्या हाताने टोचला.

"तहान लागल्यावर विहीर खणतोस, राजा," खिडकीत परतलेला भारद्वाज हळूच म्हणाला.

जुन्या दोन काट्यांचे राखणदार उशिरा का होईना, जागे झाले. जीव वाचला. डोळे गेले.

राजाने ती चाल मोडली. पुढच्या खेपेला दैत्याला एकही दार उघडं मिळालं नाही. उपाशी हिंडता हिंडता वेशीवर त्याची राख झाली. तरी काटे थांबले नाहीत. गादीचा टिळा आता चित्रांगीच्या धाकट्या भावाला लागला होता. त्याचा दात पडला, तेव्हा त्या टिळ्याच्या अंगालाच तिसरा काटा टोचला. भाऊ कळवळला, मुसमुसला आणि खेळायला पळाला.

चित्रांगी कान देऊन बसली होती.

"तात, एवढंच रडायचं होतं?"

शाप सुटला, राज्य सावरलं. राजाचं मन मात्र त्या खिडकीपाशीच राहिलं.