चेअरमनबाईंच्या घरात नसलेली वस्तू

मृणालिनी सरपोतदार म्हणजे सोसायटीच्या चेअरमनबाई. खरेदीचा भारी सोस. लिंबू पिळायला एक यंत्र, संत्रं पिळायला दुसरं. घर गच्च भरलं तशी त्यांची नजर तळमजल्यावरच्या भजनाच्या खोलीवर गेली. उरलेली खोकी आता तिथे जातील, असं त्यांनी आपल्या घरच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच जाहीर करून टाकलं.

बायका मनातून चिडल्या, पण बोलणार कोण? भजनमंडळातल्या गोदूताईंचे गुडघे आधीच ठणकत होते, आता डोकंही ठणकलं.

"एवढं सामान हवंय कशाला, बाई?"

"हौस लागते त्याला!" चेअरमनबाई फणकारल्या. "माझ्या घरात नाही अशी एक वस्तू सांगा, खोली तुमची. सगळ्यांसमोर शब्द देते."

"सांगते. पण गुडघे धरलेत, बसून सांगते."

"बसा की!" म्हणत चेअरमनबाई वळल्या. सोफ्यावर साड्यांची खोकी होती, मालिशच्या खुर्चीत दुसरा मायक्रोवेव्ह विराजमान होता आणि जमिनीवर वाणाच्या डब्यांची चळत. त्यांनी दोन खोकी उचलली, पण ती ठेवायची कुठे? शेवटी पोटाशी धरून तशाच उभ्या राहिल्या.

"गोदूताई, जरा उभ्यानंच सांगा ना."

"आता सांगायचं काय उरलं? आल्यागेल्याला टेकायला एक रिकामी खुर्ची! ती तेवढी नाही तुमच्या घरात."

बायका खो खो हसल्या. गोदूताईंनी मिळालेला वाणाचा डबा परत चळतीवर ठेवला आणि चपला घातल्या.

"निघते मी. माझ्या दोन पावलांपुरती जागा मोकळी होईल. तिथे संध्याकाळपर्यंत तरी काही आणून ठेवू नका."