ज्वालाबाईंचा हुजऱ्या

शाळा, परीक्षा आणि विज्ञानाचे तास जगात यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. ज्वालाबाईंचा तोरा भलता होता. दिसेल ते खायचं आणि मागे राख टाकायची, एवढंच त्यांना येई. ऑक्सिजन त्यांचा हुजऱ्या. तो जवळ असला तरच बाई पेटत, पण मिरवायच्या एकट्याच.

एकदा वाटेत हायड्रोजनची जुळी भावंडं भेटली. जगात सगळ्यांत हलकी. दोघांना हात एकेकच, तोही एकमेकांच्या हातात.

"तुमची चिमूटभर तरी राख होईल का रे?" बाई फिस्सकन हसल्या.

"राख नाही होत आमची," थोरला म्हणाला. "भलतंच काहीतरी होतं. नका खाऊ, बाई."

"मला शिकवतोस, चिलटा?" म्हणत बाईंनी झडप घातली.

फट्ट! दणक्यासरशी भावांचे हात सुटले, आणि दोघांनी ऑक्सिजनचा एकेक हात घट्ट धरला. ऑक्सिजननंही ते सोडवले नाहीत.

"अरे मेल्या, तू कुणाच्या बाजूचा?" बाई किंचाळल्या.

त्या दोघांसोबत ऑक्सिजन आता पाण्याचा थेंब झाला होता, आणि नेमका बाईंच्या डोक्यावर पडत होता.