एक पान, दोघींचे दात

“नवी वेंधळीच! माहेरचं बोचकंही सांभाळता येईना,” थोरली जाऊ मधलीला म्हणाली. पलीकडच्या कप्प्यात ती नवी सून, गोजी उंदरीण, ऐकत होती.

कोठारं नव्हती तेव्हाची ही गोष्ट. बिळात कुठल्या कप्प्यात काय आहे, याच्या खुणा वडाच्या एका पानावर दातांनी कोरत. तीन दिवसांपूर्वी थोरलीने गोजीचं बोचकं दुसऱ्या कप्प्यात हलवून पानावर खूण केली. त्याच क्षणी मधलीने पानावर त्याच जागी शेंगांची खूण कोरली, आणि बोचक्याची खूण पुसली गेली. दोघी भारी कामसू. पानाबाहेरचं काही आठवत नसे, थांबणं तर ठाऊकच नव्हतं.

बोचक्यात आईने दिलेली राळ्याची कणसं होती. त्यांचा वास शोधत गोजी तीन दिवस बीळभर फिरली. शेवटी पानावर एकाच जागी दोघींचे दात उमटलेले दिसले, तेव्हा बोललीच, “जाऊबाई, एकीची खूण पुरी होईपर्यंत दुसरीने पानाला दात लावू नये. आता चला, माहेरचा वास उडायच्या आत कणसं हुडकू.”