कातळावर विरलेला माग

“पण कातळावर विरलेला माग दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सापडला, तो कसा?”

हेमांगी पाठारे यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. म्हाताऱ्या येसबाने तिसऱ्यांदा तंबाखू मळली.

येसबाचं घराणं पिढीजात माग काढणारं. पोलीस खातं नवं होतं, तेव्हा माणदेशात कुठे चोरी-खून झाला की फौजदार आधी यांच्या दारात यायचा. पावलाच्या ठशावर टोपली पालथी घालून तो राखायचा आणि मागावर निघायचं. माग ज्या गावाच्या शिवेत विरला, त्या गावाने गुन्हेगार हजर करायचा. नाही केला, तर दंड अख्ख्या गावाने भरायचा.

हेमांगीबाई त्या काळावर रहस्यकादंबरी लिहीत होत्या. सहा वर्षं दफ्तरं चाळून झाली होती. फौजदाराच्या डगल्याला बटणं किती, शिपायाचा दंडुका कुठल्या लाकडाचा, सगळं तोंडपाठ. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो झाकून ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

कथा एका जुन्या खटल्यावर बेतलेली. वाटसराचा खून झाला. माग संध्याकाळी याच गावच्या कातळावर विरला. सकाळी तो कातळापलीकडे सापडला आणि थेट सुभाना नावाच्या मेंढपाळाच्या झोपडीपाशी गेला. वहाण जुळली. सुभाना फासावर गेला. माग काढणारा होता येसबाचा पणजा.

आता शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

“अलौकिक कौशल्य होतं ते, बाबा. मला शिकवा.”

“उन्हं कलू दे,” येसबा म्हणाला. “दुपारी माग निजतो.”

बाभळीखाली घोंगडी अंथरलेली होती. हेमांगीबाई चपला काढून तिच्यावर टेकल्या. माळावर ऊन हलत होतं. दूर कुठेतरी मेंढरांची घंटा वाजत होती, थांबत होती…

मग नुसतीच पावलं चालताना दिसली. वर माणसं नव्हतीच. शेकडो पावलं, धूळसुद्धा न उडवता, माळ ओलांडून निघालेली. ‘कुठे चाललात?’ असं त्यांना विचारायचं होतं. पण पावलांना तोंड कुठलं?

डोळे उघडले तेव्हा उन्हं कलली होती. सगळा माळ जागा झाला होता. शेळीचा खूर, होल्याची नखं, कुणा बाईचा ओला पाय… प्रत्येक ठशात चिमूटभर सावली साठली होती. इतकं सुंदर काही त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

“तुजं पायताण वळखतीस?” येसबाने विचारलं.

“हे काय! तळाला चौकटी आहेत. माझंच.”

“मग काढ माग.”

चपला पायात सरकवून हेमांगीबाई वाकून निघाल्या. चौकटी, चौकटी, चौकटी. बाभळीपासून मेंढरांच्या पाण्याच्या दगडी ढोणीपर्यंत, तिथून येसबाच्या खोपटाच्या मागे. लहान मुलीसारखा आनंद झाला त्यांना. माग एका गाडग्यापाशी संपला. गाडगं रिकामं होतं.

“माजं ताक कुणी प्यालं?”

हेमांगीबाई हसल्या. येसबा हसला नाही.

“मी इथे आलेच नाही, बाबा. मी झोपले होते.”

“कुणी बगितलं? पायताण तुजंच, म्हनालीस.”

“हो, पण मी खरंच सांगते…”

“चोराच्या उलट्या बोंबा.”

त्यांचे कान तापले. हेच वाक्य त्यांनी एकोणिसाव्या प्रकरणात फौजदाराच्या तोंडी घातलं होतं. सुभाना ओरडत असतो, ‘मी गेलोच न्हाई!’ आणि फौजदार मिशीत हसून हे म्हणतो. फार जमलेलं वाक्य वाटलं होतं त्यांना.

त्या गाडग्यापाशी उकिडव्या बसल्या. शेवटचा ठसा आता अगदी डोळ्यांसमोर होता. चौकटी जिथे संपत होत्या, त्याच्या मागे बोटभर आणखी एक खूण होती. चपलेबाहेर आलेल्या, उघड्या, भेगाळलेल्या टाचेची.

“माझ्या चपला… तुम्ही घातल्यात?”

येसबाने होकारार्थी मान हलवली. “पायताण वळखलंस. पाय कुनाचा, ते न्हाई बगितलंस.”

“मग त्या रात्री… सुभानाच्या वहाणा घालून तुमचे पणजोबाच… बाबा, गावाला वाचवायला? मी त्यांना नायक केलंय हो! तीनशे पानं. आता काय म्हणून लिहू त्यांना?”

येसबा कातळाकडे बघत राहिला. ऊन उतरलं होतं, तरी दगड अजून तापलेला होता.

“माजा पणजा त्या सकाळपासनं मरंस्तवर अनवाणी चालला, पोरी.”