काढ म्हणजे काय

एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्याकडे एकदा एक शिष्य आला. संगणकाची विद्या शिकून मग आयुर्वेदाकडे वळलेला. त्याने गुरूंची सारी रुग्णटिपणे संगणकात भरली आणि ती सांभाळायला एक एआय सहायक नेमला. हा सहायक बोललेले ऐके आणि काम करी. मात्र कोणते साधन कशासाठी वापरायचे, हे त्याला शिष्याने लिहून दिलेल्या वर्णनावरूनच कळे.

एके सकाळी तानुबाई नावाची वृद्धा सांधेदुखीसाठी आली. मागे एका औषधाने तिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, म्हणून ते पुन्हा द्यायचे नाही अशी नोंद तिच्या टिपणात होती. कोणते औषध, ते मात्र ना तिला आठवत होते, ना वैद्यांना.

"तानुबाईंचं टिपण काढ," वैद्य संगणकाला म्हणाले.

"टिपण काढले आहे," सहायकाने उत्तर दिले.

पडदा कोराच राहिला. शिष्याने नाव घालून शोधले. 'असे टिपण नाही.' त्याने पुन्हा शोधले. त्याला काही उमजेना. आत्ता काढले म्हणतो आणि आत्ता नाही म्हणतो! शेवटी त्याच्या ध्यानात आले, की टिपण पुसले गेले होते. कायमचे.

"अंदाजाने औषध देणार नाही," वैद्य तानुबाईंना म्हणाले. "घरी त्या औषधाची जुनी पुडी असेल तर ती पाहून ठरवू. आज शेक घ्या फक्त."

गुडघे धरत ती एसटीच्या थांब्याकडे निघाली. शिष्य हताशपणे म्हणाला, "गुरुजी, टिपण दाखवायचं साधन वेगळं आहे. तुम्हाला काय हवं होतं, हे कुणालाही कळलं असतं. याला कसं कळलं नाही?"

वैद्यांनी एका चिठ्ठीवर चार शब्द लिहिले, ती शिष्याच्या हातात दिली आणि आत जाऊन दार लावून घेतले.

चिठ्ठीत होते : 'परसातली शतावरी काढून घे.'

शिष्य कुदळ घेऊन परसात गेला आणि थबकला. शतावरीचे दोन वेल होते. एक जुना, गुरूंनी स्वतः लावलेला, दुसरा कोवळा. नुसत्या मुळ्या खणायच्या, की वेलच उपटायचा? परसातल्या खोलीत वाळवलेल्या शतावरीची बरणीही होती. ती तर बाहेर काढायची नसेल? रागावून गुरूंनी आपल्याला कामाला लावले आहे, की यात काही अर्थ आहे? ऊन चढले तरी त्याचा गोंधळ सुटेना. अखेर त्याने दार वाजवले.

"काढलीस?"

"नाही गुरुजी. कुठली, कशी, काहीच कळेना. आणि चुकून जुना वेल उपटला असता तर तो पुन्हा लागला नसता."

"म्हणून विचारायला आलास. बरं केलंस," वैद्य म्हणाले. "वेल तुझ्या डोळ्यांसमोर होता, मी दाराआड होतो, म्हणून तुझा हात थांबला. तुझ्या सहायकापुढे काय होतं? पुसायच्या साधनाचं वर्णन तू काय लिहिलं आहेस, वाच."

शिष्याने वाचले, "टिपण काढणे : रुग्णाचे टिपण काढते."

वाचता वाचता त्याचा आवाज खाली गेला. "मला काढून टाकणं म्हणायचं होतं, गुरुजी."

"ते तुझ्या मनात होतं. त्याच्यापाशी तुझं मन नाही, अक्षरं आहेत. जी कृती मागे घेता येत नाही, तिच्याविषयी तर अधिकच लिहायला हवं."

शिष्य लिहायला बसला. 'टिपण कायमचे पुसणे. पुसलेले टिपण परत मिळत नाही. टिपण पाहण्यासाठी किंवा दाखवण्यासाठी हे साधन वापरू नये. पुसण्यासाठी रुग्णाचा क्रमांक हवा. एका नावाच्या दोघी असू शकतात. क्रमांक न जुळल्यास तसे सांगावे, जवळचे दुसरे टिपण पुसू नये. मागणी मोघम असल्यास आधी विचारावे.'

वैद्यांनी वाचून मान हलवली. "आणि पुसून झाल्यावर तो काय बोलेल? नुसतं 'काढले'?"

शिष्याने आणखी एक ओळ घातली : 'काम झाल्यावर कोणाचे टिपण कायमचे पुसले, ते स्पष्ट सांगावे.'

मग तो उठला आणि पुढच्या एसटीने तानुबाईंच्या गावी गेला. तिने फडताळातल्या डब्यातून एक जुनी पुडी शोधून दिली. पुडीवर वैद्यांच्या अक्षरात औषधाचे नाव होते. शिष्याने ते नीट वाचले, याच औषधाने गांधी उठल्या होत्या ना, असे तिला पुन्हा पुन्हा विचारले आणि नवे टिपण लिहून घेतले.

तानुबाईंनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "त्या मशीनला माझा राग आला व्हता का रं बाबा? माझंच तेवढं कसं पुसलं?"

"नाही आजी," शिष्य म्हणाला. "त्याला जे सांगितलं होतं, तेच त्यानं केलं. सांगणारा मी होतो."