भिंत का लाजली?

“आबा, लाल अजून किती वाढवू?”

आबा चौगुल्यांनी ओल्या छापाकडे पाहिलं. “कितवा हा?”

“बाविसावा.”

हेरंब दातार सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. फोटोंची डिंकाची छपाई शिकायला दर रविवारी कोल्हापुरात आबांकडे यायचा. डिंकात रंग आणि उन्हानं घट्ट होणारा मसाला कालवायचा, कागदावर थर द्यायचा, निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचा, पाण्यात धुवायचा. असं तीनदा: आधी पिवळा, मग निळा, शेवटी लाल. ऐकायला सोपं, पण माणसाच्या चेहऱ्यापाशी भल्याभल्यांची भंबेरी उडते.

आणि हा चेहरा मृदुलाचा होता. हेरंबच्या बायकोचा. ती जाऊन वर्ष झालं होतं. गच्चीत सिमेंटच्या भिंतीपाशी बसलेली, असा तो शेवटचा फोटो.

“प्रमाण काट्यावर मोजून घेतोय,” हेरंब म्हणाला. “सूत्रात चूक नाही. तरी ती येत नाही.”

“ते ऱ्हाऊ दे. भिंत का लाजलीया, मास्तर?”

सिमेंटची भिंत गुलाबी झाली होती खरी.

“भिंतीशी मला काय घेणं? मला तिचे गाल हवेत.”

“करडी भिंत करडी दिसली की तिन्ही रंग जाग्यावर आले. मग गालाला इचारत बसायचं नसतं.”

एवढं हेरंबलाही कळत होतं. म्हणूनच तो भिंतीकडे बघत नव्हता.

आबांनी छाप पुन्हा पाण्यात सोडला. मऊ कुंचला हलकेच फिरवू लागले. कच्चा लाल थर सुटून पाण्यात उतरला.

भिंतीचा गुलाबी गेला. सिमेंट सिमेंटसारखं दिसू लागलं.

आणि गाल पिवळट पडले. डोळ्यांखाली काळं उमटलं...

“पुरे, आबा!” हेरंबनं त्यांचं मनगट धरलं. “अशी नको.”

“फोटो काढला तवा कशी हुती?”

“दवाखान्यातून दोन दिवस घरी आणली होती. ऊन हवं म्हणाली...” त्याला ती हवी होती. बरी होऊन, गाल फुगवून भांडणारी हवी होती.

आबांनी मनगट हलकेच सोडवून घेतलं.

मग त्यांनी कुंचला हेरंबच्या हातात दिला.

“बावीस येळा बरी केलीस तिला. आता एका कागदावर तरी दमू दे.”